धान, तांदूळ आणि परवलीचा शब्द

लहानपणी 'च'ची भाषा तुमच्यापैकी बहुतेकांनी बोलली असेलच. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं आणि पुढे एक 'च' लावून द्यायचा. 'तू कुठे जातोस'चं होतं 'चतू चठेकु चतोसजा'. आमच्या ब्रह्मपुरीचं होतं 'चह्मपुरीब्र'. मोठ्यांना कळू नये म्हणून ही भाषा, आणि गंमत म्हणजे मोठ्यांना ती आपल्याआधीपासून येत असते. नियम एकदा कळला की गुपित संपलं.

संगणकाच्या जगात या प्रकाराला एन्कोडिंग म्हणतात. अक्षरांचं रूप बदलायचं, पण उलट नियम लावला की मूळचं जसंच्या तसं परत मिळतं. बेस-६४ नावाची पद्धत अशीच आहे. तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार अक्षरं करायची, कमी पडलं तर शेवटी बरोबरची चिन्हं लावायची. ईमेलला जोडलेला फोटो वाटेत बिघडू नये म्हणून ती फार कामाची. पण गुप्त ठेवण्यासाठी? तिथे 'च'च्या भाषेइतकाच तिचा उपयोग.

दुसरा प्रकार आहे हॅशिंग. त्याला मराठीत चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही, पण आमच्याकडच्या माणसाला तो समजावणं सोपं आहे. धान गिरणीत जातं, भरडाई होते, तूस वेगळं, कोंडा वेगळा, कनकी वेगळी, तांदूळ वेगळा. सरकारी खरेदीच्या भरडाईत एका क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचा असा नेम. आता त्या ६७ किलो तांदळाचं पुन्हा धान करून दाखवा! ब्रह्मपुरीतला कुठलाही गिरणीवाला हसेल. हॅशिंग म्हणजे अशी भरडाई. शब्द आत जातो, ठरावीक लांबीची अक्षरांची माळ बाहेर येते, आणि माळेवरून शब्द परत बनत नाही.

उपमा इथे थोडी लंगडी पडते, तेही सांगून टाकतो. दोन शेतांतलं धान वेगळं असलं तरी तांदूळ पुष्कळदा सारखाच दिसतो. चांगल्या हॅशमध्ये तसं चालत नाही. तोच शब्द पुन्हा टाकला तर तीच माळ यायला हवी, आणि एका अक्षराचा जरी फरक केला तरी सगळी माळ बदलायला हवी. म्हणूनच पासवर्ड तपासायला ती उपयोगी. संगणकाने तुमचा शब्द जपून ठेवायची गरजच नाही. त्याची भरडलेली माळ ठेवायची. तुम्ही पुन्हा आलात की तुम्ही सांगितलेला शब्द पुन्हा भरडायचा आणि दोन माळा जुळतात का ते पाहायचं. जुळल्या, या आत.

हे शहाणपण माणसाला ठेच लागूनच आलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये एकाच संगणकावर अनेकांनी काम करायची व्यवस्था होती. फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूने ती उभी केली आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आणले. सगळे पासवर्ड एका फाइलीत, उघडेच. एके दिवशी दोन तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली, आणि रोजच्या सूचनेऐवजी पासवर्डची अख्खी यादी येईल त्याच्या टर्मिनलवर उमटली! कुणी चोरी केली नव्हती. चोर लागलाच नाही.

पुढे बेल लॅबमधल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली एक निबंध लिहिला. युनिक्समध्ये पासवर्ड कसा ठेवतात, का ठेवतात, याची ती हकीकत. तुमचा शब्द किल्ली म्हणून वापरून एक ठरावीक मजकूर लागोपाठ २५ वेळा दळायचा, मुद्दाम वेळ लागावा म्हणून. शिवाय प्रत्येकाच्या शब्दात चिमूटभर 'मीठ' टाकायचं. खरंच, इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. हे मीठ ४०९६ प्रकारचं असे. त्यामुळे दोघांचा शब्द एकच असला तरी माळा सहसा वेगळ्या येत. त्या दोघांनी वापरणाऱ्यांचे ३२८९ पासवर्ड गोळा करून तपासले, तर त्यातले ८६ टक्के अगदी छोटे, सोपे किंवा शब्दकोशात सापडणारे निघाले. माणूस तेव्हाही असाच होता.

म्हणजे १९७९ पर्यंत गोष्ट कळलेली होती, छापलेली होती. तरीही ती आमच्या गावापर्यंत यायला किती वर्षं लागली, हा आजचा खरा विषय.

आमच्याकडे संगणक आला तो फॉक्सप्रोचा हात धरून. ओहायोतल्या एका कंपनीचं हे बाळ १९९२ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. डॉसवर चालणारी त्याची २.६ ही आवृत्ती महाराष्ट्रात किती पतसंस्थांत, गिरण्यांत, शाळा-कॉलेजांच्या ऑफिसांत, औषधांच्या दुकानांत चालली असेल, याची मोजदाद कठीण आहे. काळा-निळा पडदा, टायपासारखी अक्षरं, आणि बाणाच्या खुणांनी वरखाली सरकणारा मेनू. लाखभर नोंदींतून एक खातं शोधायचं म्हटलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. मी स्वतः प्रोग्रॅमिंग शिकलो तो त्यावरच, आणि आजही त्याच्याबद्दल कुणी वाईट बोललं तर मला आवडत नाही.

पण पासवर्ड भरडायची सोय त्यात नव्हती. एक फंक्शन होतं, सिस २००७ नावाचं. कुठलाही मजकूर दिला की ते त्याचा एक बेरीज-आकडा देई. तो असायचा मजकूर वाटेत बिघडला का हे तपासण्यासाठी. काही हुशार मंडळी पासवर्डऐवजी हा आकडाच साठवत. कल्पना बरी, पण आकडे अवघे ६५,५३६. म्हणजे तुमचा शब्द माहीत नसला तरी तोच आकडा देणारा दुसरा कुठला तरी शब्द थोड्या खटपटीने सापडायचाच. एकाच कुलपाला हजार किल्ल्या.

बाकी बहुतेकांनी त्याहून सोपा मार्ग धरला. एक लूप लिहायचा, प्रत्येक अक्षराचा आस्की क्रमांक घ्यायचा, त्यात पाच-सात मिळवायचे, आणि जे अक्षर येईल ते साठवायचं. फाइल उघडून पाहिली तर अगम्य काहीतरी दिसतं. झालं, पासवर्ड सुरक्षित! थोडक्यात 'च'ची भाषा.

आता प्रत्यक्ष हकीकत. २०१३ची दिवाळी. मी घरी आलेलो. आमच्याकडे दिवाळीत धानाची कापणी सुरू असते, नंतर मंडया भरतात, वडश्याच्या नाटक कंपन्यांच्या तारखा लागतात, आणि बाहेरगावी कंप्युटरवर काम करणाऱ्या मुलाकडे ओळखीचे लोक आपापली बिघडलेली यंत्रं घेऊन येतात. तशात तालुक्यातल्या एका पतसंस्थेचं बोलावणं आलं. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडतही नाही. अशा संस्था पुष्कळ होत्या. त्यांचं सगळं काम १९९६ सालच्या फॉक्सप्रोवर. ज्याने ते लिहिलं तो माणूस वारलेला. आणि २०१४च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपीला कंपनी सोडणार म्हणून नवी प्रणाली घ्यायचं ठरलेलं. जुना डेटा नव्यात न्यायचा होता.

खाती, ठेवी, कर्जं सगळं नीट निघालं. त्या दिवंगत माणसाचं काम स्वच्छ होतं, हे आवर्जून सांगायला हवं. सतरा वर्षांत बेरजेत एका पैशाचा फरक नाही. मग राहिली वापरणाऱ्यांची फाइल. चौदा नावं, आणि पासवर्डच्या रकान्यात गिचमिड.

व्यवस्थापकसाहेब म्हणाले, "तू कंप्युटरवाला आहेस नं, मंग सगळ्यायचे पासवर्ड एका कागदावर काढून दे मले. नव्यात तेच टाकून देऊ, लोकायले त्रास नको."

ती गिचमिड किती खोल आहे हे पाहायला मी एक नवा वापरणारा तयार केला आणि त्याचा पासवर्ड ठेवला इंग्रजी ए, चार वेळा. फाइल उघडली तर तिथे एच, चार वेळा. ए पासून सात पुढे मोजा, एच येतो. संपलं. पाच मिनिटंही लागली नव्हती. यात माझी काही हुशारी नाही. त्या ऑफिसात सतरा वर्षांत ज्याला कुणाला कंटाळवाण्या दुपारी हे सुचलं असेल, त्याला सगळ्यांचे शब्द वाचता आले असतील.

सातने मागे मोजत पहिले तीन-चार शब्द माझ्या डोळ्यांसमोर उलगडले. देवांची नावं. एक-दोन-तीन-चार. आणि एक नाव एका मुलाचं. तो मुलगा आता नाही, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याचा बाप रोज सकाळी ऑफिसात येऊन, कुणाला न सांगता, ते नाव एकदा टाइप करत होता.

मी फाइल बंद केली. पासवर्ड लपवायचा तो फक्त चोरांपासून, अशी माझी तोपर्यंतची समजूत होती. पण आपल्याच ऑफिसच्या साहेबापासून, डेटा हलवायला आलेल्या माझ्यासारख्या उपऱ्यापासूनही तो झाकलेला असायला हवा. माणूस पासवर्ड म्हणून जे निवडतो ते बरेचदा त्याच्या काळजाजवळचं असतं, कारण तेच विसरलं जात नाही.

साहेबांना मी म्हटलं, यादी काढत नाही. प्रत्येकाला नवा पासवर्ड घ्यायला लावा. ते थोडे नाराज झाले. मग खरं कारण कळलं. त्यांना यादी त्रास वाचवायलाच हवी होती असं नाही. एका जुन्या प्रकरणात संगणकाचा पुरावा पाहिजे होता.

झालं होतं असं. एका मयत खातेदाराच्या खात्यातून अकरा हजार रुपये निघालेले. लेखापरीक्षणात ते सापडलं. व्हाउचरवरची सही नीट लागत नव्हती, आणि संगणकात नोंद होती ती एका जुन्या लिपिकाच्या नावाने, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. निवृत्तीला वर्षभर उरलेले काका. मला लहानपणापासून ओळखणारे. ते म्हणत होते की मी तेव्हा घरी होतो. पण हजेरीपटावर यायची सही असते, जायची नसते. समितीत कुजबुज होती, कलम ८८ची. सहकार कायद्यातलं हे कलम म्हणजे नुकसानीची जबाबदारी ठरवून वसूल करणारं. पतसंस्थेत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, त्या आकड्याला माणूस किती भितो.

समितीने मला सरळ विचारलं, "कंप्युटर काय म्हणतो? नोंद त्यांनीच केली ना?"

मी सगळ्यांसमोर चार वेळा ए आणि चार वेळा एच दाखवलं. म्हटलं, नोंद त्यांच्या पासवर्डने झाली एवढंच कंप्युटर म्हणतो. तो पासवर्ड या खोलीत येणाऱ्या कुणालाही वाचता येत होता. शिवाय ही डीबीएफ फाइल फॉक्सप्रोत ब्राउझ करून थेटही बदलता येते आणि बदलल्याची खूण राहत नाही. तेव्हा नुसता पासवर्ड नीट भरडला असता म्हणून सगळं सुटलं असतं असंही नाही. पण या नोंदीच्या जोरावर कुणा एकाकडे बोट दाखवता येणार नाही.

बैठक शांत झाली. टिपणातली काकांच्या नावाची ओळ काढायचं ठरलं. मला वाटलं, चला, एक चांगलं काम झालं. बाहेर काका भेटले. मी उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मीच केलो असं म्हनता येत नाई. बरं झालं. पन मी नाई केलो, हे बी तं म्हनता येत नाई ना, बाबू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पासवर्ड ही सही आहे. मी नव्हे, आपला कायदाच तसं म्हणतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमात दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही वापरणं आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरणं एकाच ओळीत आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. आणि सहीचा उपयोग दुहेरी असतो. माझी सही दुसऱ्याला करता येत नसेल, तरच 'ही माझी नाही' या माझ्या म्हणण्याला वजन येतं. सगळ्यांना माझी सही येत असेल तर दोषी सुटतो हे खरंच, पण निर्दोषही कायमचा अडकून राहतो. काका वर्षभराने निवृत्त झाले, निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. पण त्या अकरा हजारांचं काय झालं हे गावात शेवटपर्यंत कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही. त्यांच्या बाजूनेही नाही.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली कळत होती. शिवकाळातल्या कागदाच्या शेवटी मोर्तब उमटवत, कागद इथे संपला, यापुढे कुणी ओळ घुसडू नये म्हणून. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द तिथलाच. दुसऱ्याने केलेलं माझ्या नावावर जमा होऊ नये, याची ती तजवीज होती.

आता कुणी म्हणेल, जुनी भाषा, छोटं गाव, त्या बिचाऱ्याला काय माहीत. मलाही आधी तसंच वाटलं. पण त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१३ मध्ये, अडोबीसारख्या कंपनीची माहिती फुटली होती. जवळपास ३.८ कोटी चालू खाती असल्याचं कंपनीनेच मान्य केलं. त्यांनी पासवर्ड भरडले नव्हते, एकाच किल्लीने कुलूपबंद केले होते, आणि तेही असे की दोघांचा शब्द एक असेल तर साठवलेलं रूपही एकच दिसावं. मीठ नाही! शेजारी आठवणीसाठी लिहिलेल्या खुणा उघड्या. लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे ते सोडवले. त्याआधी २०१२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे ६५ लाख माळा बाहेर आल्या. भरडलेल्या होत्या, पण बिनमिठाच्या. आणि २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड तर सरळ उघडेच निघाले. तेव्हा वैनगंगेकाठच्या एकट्या प्रोग्रॅमरला कशाला बोल लावायचा?

भाषा जुनी असणं ही खरी अडचण नव्हतीच. अडचणी होत्या, नाही असं नाही. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एमडी-५ लिहायला बसलेल्यांना आठवत असेल. त्यातला सगळ्यात मोठा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ वर थांबतो, पुढची बेरीज केली की ओव्हरफ्लो म्हणून प्रोग्रॅम आडवा. मग आकड्याचे दोन तुकडे करा, वेगवेगळे मिळवा, हातचा सांभाळा. शाळेतल्या बेरजेसारखं. व्हिज्युअल फॉक्सप्रोत विंडोजच्याच लायब्ररीला हाक मारून काम होई. म्हणजे वाट होती. पण एमडी-५ घातलं म्हणजे झालं, हा दुसरा गैरसमज. ते वेगाने चालावं म्हणून बनवलं होतं, आणि पासवर्डसाठी वेग हाच शत्रू. एका चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी शब्द भरडून पाहता येतात. म्हणून १९९९ साली बीक्रिप्ट आलं, मुद्दाम संथ, आणि जशी यंत्रं वेगवान होतील तसं आणखी संथ करता येणारं. पुढे २०१५ मध्ये स्पर्धा जिंकून आर्गॉन-टू आलं. आयुष्यभर प्रोग्रॅम वेगवान करण्यात घालवलेल्या माणसाला 'इथे मुद्दाम हळू चाल' हे पचायला जड जातं. :)

खरी अडचण मला वाटते ती वेगळीच आहे. आपल्याला हाताशी असलेलं सोडवत नाही. उद्या कुणी विसरला तर? साहेबांनी मागितला तर? असू दे, कधीतरी लागेल. भरडून टाकायचं म्हणजे ते 'कधीतरी' कायमचं सोडून द्यायचं. 'तुझा पासवर्ड मला माहीत नाही, आणि मी ठरवूनच तो माहीत करून घेतलेला नाही' असं म्हणणं सोपं नाही. गावात तर नाहीच, कारण गावात सगळ्यांना सगळं माहीत असण्यालाच आपलेपणा म्हणतात.

असो. घरच्या मंडळींसाठी कामाची एकच खूण सांगतो. एखाद्या ठिकाणी तुम्ही पासवर्ड विसरलात आणि त्यांनी तुमचा जुनाच पासवर्ड तुम्हाला लिहून पाठवला, तर खूश होऊ नका. त्यांनी तांदूळ केलेला नाही, धान तसंच कोठीत पडलंय. तिथला शब्द लगेच बदला, आणि तोच शब्द बँकेत किंवा ईमेलला लावला असेल तर तिथलाही. आणि कुणी सांगितलं की जुना आम्हाला सांगता येत नाही, नवाच घ्यावा लागेल, तर त्याच्यावर चिडू नका. निदान एवढ्या बाबतीत तरी तो तुमच्या सहीची किंमत ओळखतो.